चार्जरचे एकच तोंड : लॅपटॉपच्या बाजारातील बदल आणि आपला व्यवहार

लॅपटॉप ही आता केवळ इंजिनियर आणि साहेब लोकांची वस्तू राहिलेली नाही. जीएसटीचे विवरणपत्र भरणारा कापड दुकानदार, भरतकामाच्या यंत्रासाठी डिझाइन तयार करणारा कारागीर, ऑर्डरी घेणारा चप्पल व्यापारी अशा कितीतरी जणांच्या गल्ल्याशेजारी आज लॅपटॉप दिसतो. या यंत्राबरोबर येणारी आणि वारंवार बदलावी लागणारी वस्तू म्हणजे त्याचा चार्जर. आजपर्यंत प्रत्येक कंपनीच्या चार्जरचे तोंड वेगळे असे. गेल्या काही वर्षांत हा दस्तूर मोडत चालला असून सर्व लॅपटॉपना, एवढेच नव्हे तर मोबाईललाही, एकाच तोंडाचा चार्जर चालावा अशी व्यवस्था होत आहे. या बदलात आपला फायदा आहे, तसे बेफिकीर राहिल्यास नुकसानही आहे. म्हणून हा विषय थोडा सविस्तर समजून घेणे अगत्याचे आहे.

वार गेला, मीटर आला

कापडाच्या धंद्यातील जुन्या मंडळींना ही गोष्ट एका उदाहरणाने चटकन समजेल. १९५८ सालापासून आपल्या देशात दशमान मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यापूर्वी कापड वार, गज आणि हात यांत मोजले जाई. वार ३६ इंचांचा ठरलेला होता, परंतु गज मात्र प्रांताप्रांतात निराळा असे. एका बाजारातील भाव दुसऱ्या बाजारातील भावाशी ताडून पाहायचा तर आधी मापांचा हिशोब करावा लागे. मीटर आला आणि सर्वांचे माप एक झाले. सुरुवातीला कुरकुर झाली, पण आज मीटरशिवाय घाऊक सौद्याची कल्पनाही करवत नाही. चार्जरच्या बाबतीत आज जे चालले आहे ते याच जातीचे आहे.

जुन्या पिनांचा गोंधळ

जुन्या लॅपटॉपच्या चार्जरला गोल पिन असते. दिसायला साऱ्या सारख्या, पण मापे पाहिली तर एकीचा दुसरीला मेळ नाही. एसरच्या अनेक लॅपटॉपची पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर आणि आतून १.७ मिलिमीटर, तर आसुस आणि तोशिबाच्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपची बाहेरून तीच ५.५, पण आतून २.५ मिलिमीटर. एचपी आणि डेल यांची जाड पिन ७.४ मिलिमीटरची आणि नंतर आलेली बारीक पिन ४.५ मिलिमीटरची. लेनोव्होने तर २०१३ च्या सुमारास गोल पिन सोडून चौकोनी तोंड आणले. ॲपलने २००६ साली लोहचुंबकाने चिकटणारे मॅगसेफ आणले आणि २०१२ मध्ये त्याचाही आकार बदलला, म्हणजे आधीचा चार्जर नव्या लॅपटॉपला थेट लागेना.

बाब केवळ आकाराची नाही. डेलच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. ती वीज देण्यासाठी नसून ओळख पटवण्यासाठी असते. चार्जरच्या आतील एक छोटी चिप या सुईमार्गे लॅपटॉपला सांगते की मी अमुक वॅटचा चार्जर आहे. सुई वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. आमच्या बाजारात ऐन रमजानच्या सीझनमध्ये एका दुकानदाराचा लॅपटॉप असाच रुसला. एका दुरुस्तीवाल्याने "मदरबोर्ड गेला" असे सांगून काही हजारांचा खर्च दाखवला. दुसऱ्या कारागिराने दुसरा चार्जर लावून पाहिला आणि बॅटरी भरू लागली. दोष होता त्या एका सुईत. माहिती नसली की गिऱ्हाईक कसे लुबाडले जाते, त्याचा हा मासला आहे.

व्होल्ट, अँपिअर आणि वॅट

पुढचे समजण्यासाठी तीन शब्द ध्यानात घ्यावेत. व्होल्ट म्हणजे नळातील पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे वाहणाऱ्या पाण्याची धार आणि वॅट म्हणजे या दोहोंचा गुणाकार, अर्थात प्रत्यक्ष मिळणारी ताकद. चार्जरवर "१९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर" असे छापलेले असेल तर तो सुमारे ६५ वॅटचा. "१९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर" असेल तर ९० वॅटचा. मोबाईलचा साधा चार्जर ५ व्होल्ट आणि २ अँपिअरचा, म्हणजे १० वॅटचा असतो.

व्होल्ट लॅपटॉपला सोसवतील तेवढेच हवेत, जास्त झाले तर यंत्र जळेल. अँपिअर मात्र चार्जरवर जास्त छापलेले असले तरी बिघडत नाही, कारण यंत्र आपल्या गरजेपुरतेच ओढते. कमी असले तर चार्जर तापतो किंवा बंद पडतो.

टाईप-सी म्हणजे काय?

यूएसबी टाईप-सी या तोंडाचा आराखडा ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे लांबट, कडांना गोल असे छोटे तोंड असून त्याच्या आत २४ संपर्क-टोके असतात, वरच्या बाजूस १२ आणि खालच्या बाजूस १२. त्यामुळे ते उलटे लावा की सुलटे, बसतेच. एकाच तोंडातून वीज, माहिती आणि पडद्यावरचे चित्र अशी तिन्ही कामे होऊ शकतात. मार्च २०१५ मध्ये ॲपलने जाहीर केलेल्या पातळ मॅकबुकला तर चार्जिंगसकट सर्व कामांसाठी असे एकच तोंड दिले होते.

मोबाईलला ५ व्होल्ट लागतात आणि लॅपटॉपला २०. मग एकाच चार्जरवर दोन्ही कसे चालतात, आणि मोबाईल जळत कसा नाही? याचे उत्तर "पॉवर डिलिव्हरी" नावाच्या पद्धतीत आहे. तिला थोडक्यात पीडी म्हणतात.

हा प्रकार हुबेहूब आपल्या दुकानातील सौद्यासारखा आहे. केबल जोडेपर्यंत चार्जर वीज सोडतच नाही. जोडल्यावर प्रथम फक्त ५ व्होल्ट देतो, जे कोणत्याही यंत्राला सोसवतात. मग त्याच केबलमधील एका वेगळ्या तारेवरून बोलणी होतात. चार्जर आपल्याकडील माल सांगतो : ५ व्होल्ट आहे, ९ आहे, १५ आहे, २० आहे, आणि प्रत्येकाचे इतके अँपिअर. लॅपटॉप म्हणतो, मला २० व्होल्टवर ३.२५ अँपिअर द्या. चार्जर कबूल करतो आणि त्यानंतरच दाब वाढवतो. मोबाईल जोडला तर तो ५ किंवा ९ व्होल्टच मागतो आणि तेवढेच त्याला मिळतात. जे मागितले नाही ते गळ्यात मारायचे नाही, असा हा व्यवहार आहे.

या पद्धतीने पूर्वी जास्तीत जास्त २० व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे १०० वॅट मिळत. २०२१ साली मर्यादा ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅटपर्यंत नेण्यात आली. हिशोबाच्या आणि पत्रव्यवहाराच्या लॅपटॉपला ४५ ते ६५ वॅट पुरतात. साडीची किंवा छपाईची भारी डिझाइन काढणाऱ्या ताकदवान लॅपटॉपना मात्र जास्त वीज लागते, आणि त्यांतील पुष्कळांना अजून जुन्या पद्धतीचा वजनदार चार्जरच येतो.

कायद्याचा रेटा

कंपन्या आपण होऊन एक झाल्या असे समजू नये. युरोपात २००९ साली प्रमुख मोबाईल कंपन्यांनी स्वेच्छेने एकाच चार्जरचा करार केला होता. त्यामुळे सुमारे ३० तऱ्हांचे चार्जर कमी होऊन ३ तऱ्हांवर आले, पण पूर्ण एकी झाली नाही. अखेर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी टाईप-सी सक्तीचा कायदा मंजूर केला. मोबाईल, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन इत्यादींना तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. यंत्र विकत घेताना चार्जर नको असेल तर तो न घेण्याची मुभाही या कायद्याने गिऱ्हाइकाला दिली. टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा कचरा युरोपात दरवर्षी सुमारे ११,००० टन होतो, असा तेथील आयोगाचा अंदाज होता. ॲपलनेही सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनला टाईप-सी दिले.

आपल्या देशात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये उत्पादक आणि इतर संबंधितांच्या बैठका घेतल्या. नोव्हेंबरच्या बैठकीत मोबाईल, टॅब्लेट आणि लॅपटॉपसाठी टाईप-सी स्वीकारण्यावर एकमत झाले. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने टाईप-सीचे भारतीय मानक जाहीर केले. शिवाय कंपन्या जगभरासाठी बहुधा एकाच नमुन्याचा माल बनवतात. त्यामुळे युरोपातला बदल आपल्या बाजारात आल्यावाचून राहत नाही.

तोंड एक, पण माल एक नाही

येथेच खरी खबरदारी हवी. पन्हा सारखा असला म्हणून दोन तागे एकाच प्रतीचे ठरत नाहीत. तसेच टाईप-सीचे तोंड आहे म्हणजे सर्व काही चालेल असे मुळीच नाही.

पहिली गोष्ट लॅपटॉपची. काही लॅपटॉपना टाईप-सीचे तोंड असते, पण ते केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असते. त्यातून चार्जिंग होत नाही. विकत घेण्यापूर्वी दुकानातच टाईप-सी चार्जर लावून पाहावे.

दुसरी गोष्ट केबलची. साधी टाईप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॅटपर्यंतच चालते. त्यापुढे ५ अँपिअरसाठी केबलच्या तोंडात ओळख देणारी चिप असावी लागते. नव्या प्रमाणित केबलवर ६० वॅट किंवा २४० वॅट अशी खूण छापलेली असते. हलक्या केबलचा धोका खरा आहे. बेन्सन ल्युंग नावाचा गुगलमधील अभियंता बाजारातील टाईप-सी केबली तपासत असे. २०१६ साली चुकीच्या तारा जोडलेल्या एका केबलने त्याचा लॅपटॉपच निकामी केला.

तिसरी गोष्ट जोडतोंडांची. जुन्या १९ व्होल्टच्या चार्जरला टाईप-सीचे टोक बसवणारे तुकडे विकले जातात. ते वापरू नयेत. त्यांत बोलणी नसते, सरळ १९ व्होल्ट आत जातात. मोबाईलला लावले तर मोबाईल संपला. याउलट पीडी चार्जरकडून २० व्होल्ट मागून घेऊन जुन्या गोल पिनेला देणारी केबलही मिळते. ती जाणकार कारागिराला दाखवून, लॅपटॉपचे व्होल्ट आणि वॅट ताडूनच घ्यावी.

दुरुस्तीवाल्या बांधवांसाठी

आपली अनेक मुले मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात आहेत. त्यांच्या रोजीरोटीचा प्रश्न या बदलाशी जोडलेला आहे. गोल पिनेचा जॅक तुटला तर दोन-तीन जागी डाग दिला की काम होई. कित्येक लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या तारेवर असल्याने डागाचीही गरज नसे. टाईप-सीचे तोंड बहुधा मदरबोर्डवरच बसवलेले असते, त्याची टोके केसासारखी बारीक असतात आणि शेजारी बोलणी करणारी चिप असते. त्यासाठी गरम हवेचे यंत्र, भिंगाखालचे काम आणि सर्किटचा नकाशा वाचण्याचे कसब लागते. ज्याने हे हुन्नर शिकून घेतले त्याला काम भरपूर आहे. जो नुसत्या पिना बदलत बसला त्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. सुमारे हजार-दीड हजाराच्या पीडी तपासणी मीटरनेही चार्जर किती व्होल्ट देतो ते दिसते आणि दोष चार्जरचा की यंत्राचा, हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत सिद्ध करता येते.

चार्जरचा व्यापार करणाऱ्यांनी जुन्या पिनांचा माल उधारीवर गाठोडी भरून घेऊ नये. आपल्याकडे जुने लॅपटॉप वर्षानुवर्षे चालतात, म्हणून ही मागणी एकदम थांबणार नाही, पण ती दरसाल घटणार आहे. खपणाऱ्या चार-पाच मापांचा थोडा माल ठेवावा आणि भांडवल टाईप-सीकडे वळवावे.

खरेदी करताना

१. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक खरा की खोटा, ते तपासता येते.

२. लॅपटॉपच्या तळाशी किंवा जुन्या चार्जरवर वॅट वाचावेत आणि तेवढे किंवा थोडे जास्त वॅट असलेला पीडी चार्जर घ्यावा. घरात चार मोबाईल आणि एक लॅपटॉप असेल तर ६५ वॅटचा एक चांगला चार्जर सगळ्यांची सोय करतो.

३. दोन-तीन तोंडांच्या चार्जरवर छापलेले ६५ वॅट बहुधा एकट्या तोंडासाठी असतात. दुसरे यंत्र जोडले की वाटणी होते.

४. वीज वारंवार जात असेल तर पीडी असलेली २०,००० एमएएचची पॉवर बँक लॅपटॉपलाही उपयोगी पडते. तिच्यात सुमारे ७४ वॅट-तास वीज मावते, म्हणजे ५० वॅट-तासांची बॅटरी साधारण एकदा भरते.

५. चालू चार्जर कापडाच्या गठ्ठ्यावर, गादीवर किंवा कागदांच्या ढिगात कधीही ठेवू नये. त्याला हवा लागली पाहिजे. हलक्या चार्जरमध्ये संरक्षणाचे भाग गाळलेले असतात, आणि कापडाच्या दुकानात एक ठिणगी म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

मीटर आला तेव्हा ज्यांनी नवा गज पट्टा लवकर हाती घेतला त्यांची दुकानदारी सुरळीत चालली. वारावर अडून बसलेल्यांना प्रत्येक सौद्यात गुणाकार-भागाकार करावा लागला. आजही पुढचा चार्जर विकत घेताना दोन मिनिटे थांबून वॅट, पीडी आणि नोंदणी क्रमांक एवढ्या तीन गोष्टी वाचाव्यात. शंभर-दोनशे रुपयांच्या किफायतीसाठी पन्नास हजारांचे यंत्र आणि दुकानातील माल धोक्यात घालणे, हा कोणत्याही हिशोबाने नफ्याचा सौदा नाही.