ओढ्यांचा पूर व घ्यावयाची सावधगिरी

नदीच्या पुराची धास्ती सर्वांसच असते. ओढ्याच्या पुराची मात्र फारशी कोणी बाळगीत नाहीं. महसूल खात्यांत असतां बुडून मेलेल्यांचे जे पंचनामे आम्हीं लिहिले, त्यांतील बहुतेक माणसें त्याच ओढ्यावरून रोज शेतावर जाणारीं होतीं. ओळखीच्या भरंवशावरच तीं फसलीं, असें आमचें मत आहे.

ओढ्याचें पाणलोट लहान व उताराचें असतें. म्हणून डोंगरावर पाऊस झाला कीं, आपल्या शेतांत ऊन असतांही थोड्याच वेळांत लोंढा येतो. पुण्याच्या आंबील ओढ्यांत एरवीं पाणी बेताचेंच असतें. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं तो असा फुगला कीं, काठच्या वस्त्यांतील माणसें, जनावरें व वाहनें वाहून गेलीं.

धोका केवळ खोलीवरून ठरवूं नये, वेग पाहावा. वेग दुप्पट झाला म्हणजे पाण्याचा रेटा चौपट होतो. जोरानें वाहणारें सहा इंच पाणीही धडधाकट माणसास पाडूं शकतें, एक फूट पाण्यांत लहान मोटारगाडी सरकते व दोन फुटांत जड गाडीही वाहून जाते. बैलांस वाट ठाऊक आहे असें म्हणून कित्येकजण फरशीवर गाडी घालतात. परंतु गढूळ पाण्याखालीं फरशीची कड खचली असल्यास ती बैलांसही दिसत नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं तर महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूलच कोसळला, व दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नदींत गेल्या.

फरशीखालील नळांच्या तोंडाशीं पाणी जोरानें आंत ओढलें जातें. तेथें अडकलेला काडीकचरा पुरांत उतरून काढूं पाहणें म्हणजे स्वतःसच नळांत लोटणें होय. तें काम मृगापूर्वीं, ओढा कोरडा असतांना करावें. काठावरील पाण्याची मोटारही तेव्हांच उंच जागीं हलवावी. पाणी चढूं लागल्यावर ती सोडविण्यास जाऊं नये, व भिजलेल्या विजेच्या पेटीस हात लावूं नये.

कोणी वाहून जात असल्यास मागोमाग उडी न टाकतां काठावरून कासरा, बांबू किंवा झांकणबंद रिकामा डबा त्याच्याकडे टाकावा, व ११२ किंवा जिल्ह्याच्या १०७७ या क्रमांकावर कळवावें. पुराच्या पाण्यांत उंदरांचें व जनावरांचें मूत्र मिसळलेलें असतें. तें पायाच्या जखमेवाटे शरीरांत गेल्यास लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. अशा पाण्यांत वावरल्यानंतर ताप आल्यास अंगावर न काढतां तत्काळ दवाखाना गांठावा.

ओढ्याचा पूर जसा झपाट्यानें चढतो, तसा बहुधा कांहीं तासांत उतरतोही. तेवढा वेळ अलीकडेच थांबल्यास फार तर एक वेळची धार चुकेल. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं यंदा मृगापूर्वीं फरशीशेजारीं फुटांच्या खुणा रंगविलेला एक खांब रोवावा, आणि फरशीवर पाणी आलें कीं कोणींही पलीकडे जावयाचें नाहीं, असा गांवानें ठराव करावा, ही आमची विनंती आहे.