एक चित्र, ७१,७०० कोटी ठिपके!

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२च्या सुरुवातीला एक फोटो इंटरनेटवर ठेवला. एकच फोटो. रेम्ब्रांटने १६४२मध्ये पूर्ण केलेल्या ‘द नाइट वॉच’ या प्रचंड चित्राचा. फोटोची रुंदी ९,२५,००० ठिपके, उंची ७,७५,००० ठिपके. करा गुणाकार. जवळजवळ ७१,७०० कोटी!

हे ठिपके म्हणजे पिक्सेल. आपल्या खिशातला ५० मेगापिक्सेलचा मोबाइल एका फोटोत ५ कोटी ठिपके टिपतो आणि आपण तेवढ्यावर दुकानदाराला भरभरून पैसे देतो. इथे त्याच्या १४,००० पट! आकडा नुसता वाचून डोक्यात शिरणार नाही, तेव्हा तो आपल्या मापांत ओतून बघू.

एका ठिपक्याला एक रुपया द्या. झाले ७१,७०० कोटी रुपये. मुंबई महापालिकेचं २०२५-२६चं अख्खं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. म्हणजे रस्ते, पाणी, दवाखाने, शाळा, कचरा, सगळी मुंबई एका बाजूला आणि रेम्ब्रांटच्या एका चित्राचे ठिपके दुसऱ्या बाजूला. काटा जेमतेम हलेल.

रुपये नकोत? पाणी घ्या. ठिपक्याला एक थेंब. मिलिलिटरला वीस थेंब धरले तर साडेतीन कोटी लिटरच्या वर पाणी लागेल. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशी शेतातली विहीर काठोकाठ भरलेली कल्पा. तशा शंभराहून अधिक विहिरी! एका चित्राला!

आता हेच ठिपके एका ओळीत मांडू. प्रत्येकाला फक्त एक मिलिमीटर जागा. ओळ होते ७ लाख १७ हजार किलोमीटरची. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. तिथे जाऊन ही ओळ परत फिरते आणि पृथ्वीच्या अलीकडे थोडी कमी पडते. चंद्र फार लांब वाटत असेल तर डेक्कन क्वीनने चला. सकाळी पुण्याहून मुंबई १९२ किलोमीटर, संध्याकाळी परत १९२. एकही दिवस खाडा नाही, घाटात दरड नाही, सिग्नल बंद नाही, असं मानलं (मानायला काय जातं!) तरी ही ओळ पार करायला राणीला पाच वर्षांच्या वर लागतील.

आणि मोजायला बसलात तर? सेकंदाला एक ठिपका, जेवण नाही, झोप नाही. २२,७०० वर्षं! अजिंठ्यातली सर्वांत जुनी लेणी सुमारे २,२०० वर्षांपूर्वीची. ती कोरायला पहिली छिन्नी लागली त्याच्याही वीस हजार वर्षं आधी तुम्ही मोजायला सुरुवात केली असतीत, तर आत्ता कुठे शेवटच्या कोपऱ्याजवळ आला असता.

हा फोटो एका दमात काढता येत नाही हे उघडच आहे. चित्र सुमारे पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद. त्याच्यासमोर कॅमेरा सरकवत सरकवत ९७ आडव्या ओळी आणि ८७ उभ्या रांगा अशा चौकटीत ८,४३९ फोटो काढले गेले. एकेक फोटो पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या तुकड्याचा, साडेपाच सेंटिमीटर बाय चार. मग ते सगळे एकमेकांना बेमालूम जोडले. जोडणी कशी केली हे समजावून सांगायला इंजिनिअर हवा. आपण विश्वास ठेवू आणि पुढे जाऊ, कारण पुढचा आकडा वाट बघतोय.

एक ठिपका म्हणजे मूळ चित्राचा ५ मायक्रॉनचा तुकडा. आपल्या रक्तातली तांबडी पेशी त्याहून मोठी असते! चित्रावर तांदळाचा एक दाणा ठेवला असं समजा, सहा मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड. त्या एका दाण्याखाली चार लाख ऐंशी हजार ठिपके झाकले जातील. मोठं करत करत गेलं की चित्राच्या मधोमध उभ्या असलेल्या कॅप्टनचा चेहरा जातो, डोळा उरतो. डोळा जातो, रंगाचा फटकारा उरतो. फटकारा जातो आणि मग रंगाच्या भेगा दिसतात, सुकलेल्या तळ्याच्या तळासारख्या. रेम्ब्रांटला स्वतःलाही हे कधी दिसलं नसेल.

मूळ फाइल ५.६ टेराबाइटची. रोज दीड जीबीचा पॅक मारणाऱ्या माणसाने सगळा डेटा फक्त यावर खर्च केला, तर चित्र उतरवून घ्यायला दहा वर्षं लागतील. सुदैवाने तसं करावं लागत नाही. वेबसाइटवर जेवढा तुकडा बघायचा तेवढाच येतो. तरी पूर्ण मोठा करून सगळं चित्र बघायचंच म्हटलं, तर साध्या मोबाइलचे पावणेतीन लाखांहून जास्त पडदे भरतील. एका पडद्याला पाच सेकंद आणि रोज आठ तासांची ड्युटी धरली तरी ४८ दिवस. पगारी रजा एवढी कुणालाच मिळत नाही.

आणि किंमत? शून्य रुपये.

शून्य हाच खरं तर या सगळ्यातला सर्वांत मोठा आकडा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७मध्ये ३,७५,००० चित्रं लोकांना मोकळी करून टाकली: घ्या, छापा, कापा, विका, विचारायलाही येऊ नका. ब्रिटिश लायब्ररीने त्याआधीच, डिसेंबर २०१३मध्ये, ६५,००० जुन्या पुस्तकांतली १० लाख चित्रं, नकाशे, वेलबुट्ट्या आणि नक्षीदार आद्याक्षरं इंटरनेटवर ठेवली होती. अमेरिकेच्या स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२०मध्ये २८ लाखांपासून सुरुवात केली आणि आता तो आकडा ५० लाखांच्या पुढे गेलाय. राइक्सम्युझियमची सात लाखांहून जास्त. या चारच घरांचा माल एकत्र केला तर ७० लाख चित्रं. एका चित्राला दहा सेकंद, दिवसाला आठ तास, रविवारचीही सुट्टी नाही. साडेसहा वर्षं!

विकिमीडिया कॉमन्सवर तर १० कोटींहून जास्त फाइली आहेत. पाव मिलिमीटर जाडीच्या कागदावर छापून एकावर एक रचल्या तर २५ किलोमीटरचा ढीग होतो. पंधरा कळसूबाई! मुंबईच्या लोकलमधून रोज सुमारे ७५ लाख प्रवासी जातात. प्रत्येकाच्या हातात दर दिवशी एक नवं चित्र ठेवत गेलात तरी साठा संपायला तेरा दिवस लागतील. कल्पना करा, विरारच्या गाडीत लोंबकळणाऱ्याच्या हातातही एक!

आता जरा मागे जाऊ, कारण याच रेम्ब्रांटची एक गोष्ट या आकड्यांपेक्षा भारी आहे. १६५६ ते १६६१च्या सुमारास, म्हणजे इकडे प्रतापगड घडत होता त्याच काळात, रेम्ब्रांट अ‍ॅमस्टरडॅममध्ये बसून मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं करत होता. शहाजहान, दरबारी, झाडाखाली बसलेले संत. त्यातली २३ रेखाटनं आज शिल्लक आहेत. युरोपातला एवढा मोठा चित्रकार, आणि त्याला नवं काही शोधायला आपल्याकडची चित्रं लागली! पण ती त्याच्यापर्यंत पोचायची कशी? डच जहाजांतून. आशिया ते हॉलंड हा प्रवास सात-आठ महिन्यांचा. आठ महिने म्हणजे दोन कोटींहून जास्त सेकंद. तुमच्या मोबाइलवर तसं चित्र एका सेकंदात उघडतं. म्हणजे तुमचं जहाज रेम्ब्रांटच्या जहाजापेक्षा दोन कोटी पट वेगाने धावतंय, आणि तुम्ही त्यात बसून शुभ सकाळचे गुलाब पाठवताय.

रंगांचंही तेच. मुंबई-पुणे मार्गावर लोणावळ्याच्या पुढे मळवली लागतं. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे या मळवलीला हलला. लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या त्या अशाच छापील चित्रांतून. त्या छपाईत एकेका रंगासाठी वेगळा दगड लागायचा. आपला साधा पडदा दाखवतो १,६७,७७,२१६ रंग. एवढे रंग त्या पद्धतीने छापायचे तर तेवढेच दगड हवेत. एक दगड ३० किलोचा धरला तर पाच लाख टन. मालगाडीच्या एका डब्यात ६० टन आणि गाडीला ५८ डबे. म्हणजे जवळजवळ १४५ मालगाड्या भरून दगड! मळवलीच्या माथ्यावरचा लोहगड कमी पडतो की काय म्हणून शेजारी दुसरा गड उभा राहिला असता.

आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं मात्र नाही. इन्स्टाग्रामने २०१६मध्ये सांगितलं होतं की तिथे रोज ९.५ कोटी फोटो आणि व्हिडिओ येतात. सेकंदाला अकराशे! एका दिवसाचा भरणा सेकंदाला एक या वेगाने बघायचा तर न झोपता तीन वर्षं. तोवर आणखी तीन वर्षांचे साचलेले असतील. माझं स्पष्ट मत: हा महापूर आहे, यातून घागर भरता येत नाही. त्यापेक्षा संग्रहालयाचं एक पान उघडून अर्धा तास बसलेलं बरं. राइक्सम्युझियम तर लोकांना आपल्या चित्रांतून नव्या वस्तू घडवायला लावतं आणि त्यासाठी पुरस्कार देतं. २०१५ला तो मिळाला झोपताना डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्यांना. पट्ट्यांवर जुन्या चित्रांतले डोळे छापलेले! माणूस घोरतोय आणि सतराव्या शतकातली बाई टक्क बघतेय. सुचणं म्हणतात ते हे.

पण इतकी चित्रं झाल्यावर नवं काही उरलंय का? तक्रार जुनी आहे: सगळं करून झालं, आता काय काढायचं? उत्तर रांगोळीत आहे. दारात ठिपके काढा. नियम एकच, ठिपका भरायचा किंवा रिकामा ठेवायचा. दोन बाय दोन ठिपक्यांत १६ रांगोळ्या होतात. तीन बाय तीनमध्ये ५१२. चार बाय चारमध्ये ६५,५३६. पाच बाय पाचमध्ये ३ कोटी ३५ लाख. सहा बाय सहामध्ये ६,८७१ कोटी! आणि आठ बाय आठमध्ये? श्वास घ्या: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करत नेणाऱ्या गोष्टीतल्या सगळ्या दाण्यांची बेरीज याहून बरोबर एकाने कमी भरते. १४० कोटी भारतीयांनी सेकंदाला एक या वेगाने या रांगोळ्या काढल्या तरी ४१७ वर्षं लागतील. शिवजन्माच्या आधी बसायला हवं होतं!

नऊ बाय नऊ केलं की तेवढ्याच लोकांना साडेपाच कोटी वर्षं. सह्याद्रीचा काळा कातळ थिजून सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली, त्याच्या जवळपास. आणि सतरा बाय सतरा? फक्त दोन रंग, फक्त २८९ ठिपके, एका पाटाएवढी जागा. रांगोळ्यांचा आकडा ८७ अंकी! दिसणाऱ्या अख्ख्या विश्वात अणू असावेत एकावर ८० शून्यं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सगळ्या रांगोळ्या अणूंना वाटून टाकल्या, तर एकेका अणूच्या वाट्याला जवळजवळ एक कोटी येतात. आणि हे २८९ ठिपक्यांचं. रेम्ब्रांटच्या फोटोत ७१,७०० कोटी आहेत, आणि तेही रंगीत. ते गणित मी मांडत नाही; मासिकाची पानं संपतील.

त्या रांगोळ्यांतल्या बहुतेक नुसता सांडलेला भुसा असणार, हे खरं. बघण्याजोगी कोणती हे हेरायला नजर लागते, आणि ती चांगली चित्रं बघूनच येते. तेव्हा आज रात्री मोबाइल हातात घ्याल तेव्हा राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर रोमन अक्षरांत ‘शिवाजी’ टाइप करा. सतराव्या शतकातल्या, गोवळकोंड्याच्या शैलीतल्या चित्रसंग्रहात महाराजांचं एक चित्र आहे. मोठं करा, तलवारीची मूठ बघा, अंगरख्याची नक्षी बघा. मग कागद-पेन्सिल घ्या.