दोघांची मोटार, चौघांचा संसार

मैत्रिणींनो, तुमच्या यजमानांचं वय बेचाळीस ते पंचावन्नच्या मध्ये कुठे तरी आहे का? घराचे हप्ते फिटत आलेत, थोरलं मूल कॉलेजात गेलंय, आणि गेले काही दिवस रात्रीची जेवणं आटोपली की हे मोबाईलमध्ये डोकं खुपसून कसली तरी चित्रं पाहत बसतात का? मग हा लेख तुमच्यासाठी आहे. ती चित्रं बहुधा मोटारीची असणार. तीही साधीसुधी, चार दारांची, मागे सासूबाईंना बसवायची मोटार नव्हे. बुटकी, लांब नाकाची, छप्पर काढता येणारी आणि मुख्य म्हणजे दोनच माणसांची. जिला सगळे स्पोर्ट्‌स कार म्हणतात ती.

अशी गाडी सगळ्यांच्याच आवाक्यातली नसते, हे खरं. पण मोटारीच्या जागी जुनी बुलेट ठेवा, उघडी जीप ठेवा, नाही तर आजोबांच्या काळची बंद पडलेली फियाट ठेवा. घरोघरची गोष्ट तीच आहे. नवऱ्याला एक गोष्ट मनापासून हवी असते, संसाराला तिचा काडीचा उपयोग नसतो, आणि ‘घेऊ का?’ हा प्रश्न येऊन पडतो बायकोच्या पुढ्यात. कधी कधी तर तो विचारलाही जात नाही!

हौस, पण गैरसोयीची

आधी या गाडीची ओळख करून घेऊ. माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही या जातीतली जगात सर्वांत जास्त खपलेली गाडी. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली आणि २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. तिच्या आताच्या नमुन्याची डिकी सुमारे १३० लिटरची. आपल्याकडच्या साध्या छोट्या गाडीतसुद्धा याच्या दुप्पट सामान मावतं. म्हणजे दोघांच्या दोन मऊ बॅगा बसतील. दिवाळीचा फराळ, पैठणीचा खोका आणि भाचीसाठी घेतलेली सायकल बसणार नाही.

आपल्याकडेही असा प्रयत्न झाला होता. १९९८ साली गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन सीटांची, उघड्या टपाची, फायबरच्या अंगाची गाडी निघाली. दिसायला गोड, पण ती काही घरोघर पोचली नाही. कारण उघड आहे. आपल्याकडे गाडी घ्यायची ती सगळ्यांनी मिळून लग्नाला जायला, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला आणि पावसात मुलांना शाळेत सोडायला. या तिन्ही कामांना दोन सीटा पुरत नाहीत.

शिवाय आपले रस्ते! गतिरोधक किती उंच असावा याचं माप ठरलेलं आहे: दहा सेंटिमीटर उंच आणि तीन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद, असा पसरट. आपल्या गल्लीतले गतिरोधक या मापाचे आहेत का, ते तुम्हीच सांगा. बुटक्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम बारा-चौदा सेंटिमीटरवर. प्रत्येक उंचवट्यावर खालून ‘खर्रर्र’ आवाज येणार, आणि गाडीपेक्षा यजमानांच्याच काळजाला जास्त ओरखडा पडणार.

आपल्याला नेमकं काय खुपतं?

अशी गाडी दारात आली की बायकांच्या मनात काय काय येतं, ते कुणी फारसं विचारत नाही. ‘तिला गाड्यांतलं काय कळतं!’ म्हटलं की विषय संपला. पण आपण आपल्याशी तरी खरं बोलू या.

पहिली असते लाज. ‘मुलीचं लग्न व्हायचंय अजून, आणि यांना बघा!’ असं कॉलनीत बोलतील, ही धास्ती. दुसरी भीती. वेगाची, अपघाताची, कर्जाची. तिसरा राग. रविवारची सकाळ, जी एरवी दोघांनी मिळून भाजी आणण्यात किंवा निवांत दुसरा चहा घेण्यात जायची, ती आता गाडी पुसण्यात जाते. ज्या माणसाने जन्मात कधी स्वतःची चहाची बशी विसळली नाही, तो मऊ फडकं घेऊन दोन-दोन तास चाकाच्या तारा पुसतो, हे पाहून कुणाचं डोकं फिरणार नाही?

आणि चौथी गोष्ट आपण कुणाजवळच कबूल करत नाही, ती म्हणजे गंमत. टप उघडा आहे, घाटात गार वारा लागतोय, मागच्या सीटवर भांडण नाही, कारण मागे सीटच नाही! लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी स्कूटरवर मागे बसून जसं वाटायचं, तसंच काहीसं पुन्हा वाटतं. हे वाटलं तर त्यात गैर काहीच नाही. रागही खरा आणि गंमतही खरी. दोन्ही एकाच मनात सुखाने नांदू शकतात.

बर्थाबाईंचा हुंडा

मोटारीच्या जन्माची गोष्टच मुळी नवरा-बायकोची आहे. जर्मनीतल्या बर्था रिंगर या मुलीचं कार्ल बेन्झशी लग्न ठरलं होतं. कार्लच्या धंद्यातल्या भागीदाराशी त्याचं पटेना. तेव्हा १८७१ साली, लग्नाच्या आधीच, बर्थाने आपल्या हुंड्यातून पैसे काढून दिले आणि त्या भागीदाराला मोकळं केलं. १८७२ साली लग्न झालं. कार्लने मोटार बनवली आणि जानेवारी १८८६ मध्ये पेटंट मागितलं. पेटंटवर बर्थाचं नाव अर्थातच नव्हतं.

पण मोटार विकत कोण घेणार? त्या काळी याहून गैरसोयीची वस्तू नसेल. तीन चाकं, धूर, आवाज, शिवाय वाटेत कुठे पेट्रोलचा पंपही नाही. कार्ल खचून बसला होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे बर्थाबाईंनी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन्ही मुलांना बरोबर घेतलं आणि मानहाइमहून निघून शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला गेल्या. तिथे त्यांचं माहेर होतं! वाटेत इंधन संपलं, ते त्यांनी औषधाच्या दुकानातून घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. तार उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. माहेरी पोचल्यावर नवऱ्याला तार केली, आणि परत आल्यावर ‘चढासाठी आणखी एक गिअर हवा’ असा सल्लाही दिला.

या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे: बर्थाबाईंनी नवऱ्याच्या वेडाला नुसती मान डोलावली नाही. त्यांचा पैसा त्यात होता, त्यांचं डोकं त्यात होतं आणि स्टिअरिंगचा दांडाही त्यांच्या हातात होता. म्हणून ती गाडी त्यांचीही होती. जे आपलंही असतं, त्याचा जाच होत नाही.

कारखानदारांनाही घर कळतं

मोटारवाल्यांनी हा धडा पैसे मोजून घेतला. अमेरिकेत फोर्डने १९५५ सालासाठी थंडरबर्ड काढली, दोन सीटांची. पहिल्या तीन वर्षांत मिळून त्रेपन्न हजारांच्या आसपास गाड्या खपल्या. १९५८ मध्ये तिला मागची सीट लावली, आणि त्या एकाच वर्षात खप अडतीस हजारांच्या घरात गेला. इंग्लंडच्या जॅग्वारची ई-टाईप १९६१ ची. लोक तिच्या रूपावर लुब्ध झाले, पण मुलंबाळं असलेल्यांसाठी १९६६ साली तिची लांबी नऊ इंचांनी वाढवून मागे दोन छोट्या सीटा द्याव्या लागल्या. आपल्याकडे महिंद्रची नवी थार २०२० मध्ये मागच्या माणसांसाठी वेगळं दार न ठेवता आली, आणि २०२४ च्या स्वातंत्र्यदिनाला मागे दारं असलेली थार रॉक्स बाजारात आली. मागच्या सीटवर कोण बसणार, हा प्रश्न बायको विचारते तेव्हा ती कटकट ठरते. कारखाना विचारतो तेव्हा तो धंदा ठरतो!

आकडे कागदावर मांडा

‘हौसेला मोल नाही’ म्हणतात, पण हप्ता चुकत नाही. समजा, आठ लाखांचं कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढलं. महिन्याचा हप्ता झाला सुमारे १७,००० रुपये. पाच वर्षांत एकूण भरले जवळजवळ १०,२०,००० रुपये, म्हणजे नुसतं व्याजच सव्वादोन लाखांच्या आसपास. आता दुसरी बाजू पाहा. विम्याच्या हिशोबात नव्या गाडीची किंमत दुसऱ्या वर्षी २० टक्के आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घटलेली धरतात. कर्ज फिटेपर्यंत गाडी निम्म्यावर आलेली असते. सोन्याच्या बांगड्या आणि गाडी ही दोन्ही हौसच, पण एक कपाटात राहते आणि एक रस्त्यावर झिजते.

बांगड्यांवरून आठवलं. आपलं स्त्रीधन हे आपल्या एकटीच्या मालकीचं असतं, नवऱ्याकडे ठेवायला दिलं तरीही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हे स्पष्ट सांगितलेलं आहे. गाडीसाठी दागिने गहाण टाकायचे की नाही, याचा निर्णय तुमचा. ‘घरचंच तर आहे’ या वाक्यावर सही करू नका.

होकार देण्यापूर्वी

यजमान विचारतील तेव्हा लगेच ‘नाही’ म्हणू नका, आणि ‘तुमची मर्जी’ असंही म्हणू नका. त्या दोन शब्दांतून पुढे वर्षानुवर्षांची धुसफूस निघते. शांतपणे एवढं विचारा:

१. घरातल्या सगळ्यांसाठी दुसरी गाडी आहे का? ही एकच गाडी असणार असेल, तर विषय तिथेच मिटला.

२. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून मग पैसे उरतात का?

३. हप्ता, विमा, टायर आणि दुरुस्ती हे सगळं धरून महिन्याला किती जातील? आकडा यजमानांच्याच अक्षरात लिहून घ्या.

४. गाडी मी चालवणार का? किल्ली दोघांची असेल, तर गाडी दोघांची.

५. माझ्या हौसेचं काय?

हा पाचवा प्रश्न विचारताना आपली जीभ अडखळते, आणि खरं दुखणं तिथेच आहे. पुष्कळ घरांत नवऱ्याला हवं असतं त्याला हौस म्हणतात आणि बायकोला हवं असतं त्याला खर्च म्हणतात. तिचा गाण्याचा क्लास, अर्धवट राहिलेली एम. ए., मैत्रिणींबरोबरची सहल हे सगळं ‘मुलांचं होऊ दे, मग बघू’ या खात्यात जमा असतं. गाडीचा राग हा पुष्कळदा गाडीचा नसतोच, तो या खात्याचा असतो. तेव्हा गाडीवर भांडू नका, खात्यावर बोला. त्यांच्या गाडीचा आकडा ठरेल त्याच दिवशी तुमच्या हौसेचाही आकडा ठरू दे, मग तो लहान का असेना.

आणि तुमची हौस गाडीचीच असली तर? संकोच कशाला? पुण्याच्या डायना पंडोले या दोन मुलांच्या आईने २०२४ साली मोटारींच्या शर्यतीत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. भारतात कोणत्याही बाईने त्याआधी ते मिळवलं नव्हतं.

गाडी दारात आलीच असेल तर

• बुटक्या गाडीत साडी नेसून बसताना आधी पाय आत टाकू नका. पाठमोऱ्या होऊन सीटवर बसा आणि मग दोन्ही पाय जुळवून एकदम आत घ्या. उतरताना याच्या उलट. कंबर धरत नाही.

• उघड्या गाडीत पदर, ओढणी, स्कार्फ घट्ट खोचून घ्या. प्रसिद्ध नर्तकी इसाडोरा डंकन १९२७ साली नीस शहरात अशाच उघड्या मोटारीत बसली असताना तिचा लांब स्कार्फ चाकात गुंतला आणि ती जागीच गेली.

• मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची खास सीट नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, धक्का बसला तर मूल आपल्या हातात राहत नाही.

• कापडी टप ओला असताना दुमडू देऊ नका. कोकणात आणि घाटमाथ्यावर दोन दिवसांत बुरशी धरते. आधी पुसून, वाऱ्यावर सुकवून मगच दुमडा.

• पावसाळ्यात गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहणार असेल, तर बॅटरीची ऋण बाजूची तार काढून ठेवायला सांगा. आत चिवड्याचा कणही राहू देऊ नका. उंदीर आधी चिवडा खातात, मग वायरी.

मैत्रिणींनो, नवऱ्याच्या वयाच्या पन्नाशीत त्याच्या डोळ्यांत पुन्हा चमक आलेली दिसली, तर ती विझवायची घाई करू नका. अशी माणसं निरुत्साही माणसांपेक्षा घरात बरी. मात्र चमक एकाच्या डोळ्यांत आणि हप्ता दोघांच्या डोक्यावर, असं होऊ देऊ नका. यजमान गाडीचे कागद जमवत असतील तेवढ्यात तुमचा तो राहून गेलेला क्लास या महिन्यातच लावून टाका. पहिल्या दिवशी क्लासला सोडायला त्यांनाच सांगा. गाडीत दोन सीटा आहेत, आणि दुसरी तुमची आहे.