शेक किती द्यायचा?

सकाळी उठल्या उठल्या उलटी, मग दिवसभर पोर बरं. घोटीसारख्या गावात अशा पोराला आधी पित्ताचं औषध मिळतं, मग जंताचं. डोळा तिरळा दिसला की चष्म्याचा नंबर निघतो. चालताना तोल जायला लागल्यावर कुणीतरी डोक्याचं स्कॅन सांगतं. आता धामणगावला एसएमबीटीचं मेडिकल कॉलेज आहे, तिथवर जाता येतं. पण गाठ निघाली तर बरेच जण कसारा घाट उतरतात: परळचं ‘टाटा’, नाहीतर त्याचंच खारघरचं अ‍ॅक्ट्रेक.

लहान मेंदूतली ही गाठ अनेकदा मेड्युलोब्लास्टोमा असते. बाळ जन्मलं तरी लहान मेंदू घडायचा बाकीच असतो. पेशी वाढत राहतात आणि ठरल्या वेळी थांबतात. एखादी थांबत नाही, तिथे गाठ धरते. शस्त्रक्रियेनंतर मेंदूला आणि पाठीच्या कण्याला किरणांचा शेक द्यावा लागतो, कारण गाठीच्या पेशी मणक्यातल्या पाण्यातून पसरतात. शेक वाढत्या पेशी मारतो, आणि पोराच्या मेंदूत चांगल्याही पेशी वाढत्याच असतात. स्मरणाशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसमधल्या मूलपेशींना त्याची झळ बसते. पोर वाचतं, पण पाढे लक्षात राहत नाहीत, उंची खुंटते.

मग मूलपेशी टोचून मेंदू दुरुस्त का करू नये? तसं सांगून पैसे घेणारे दवाखाने आहेत. त्यांच्याकडे जाण्याआधी इस्रायलमधल्या एका मुलाची हकिकत ऐकावी. दुसऱ्या एका आजारासाठी त्याला मॉस्कोत गर्भाच्या मेंदूतल्या मूलपेशी टोचल्या होत्या. पुढे त्याच्या मेंदूत आणि कण्यात गाठी निघाल्या, आणि त्या दात्याच्या पेशींच्या होत्या. हे 2009 साली प्रसिद्ध झालं. वाढण्याची ताकद आणि गाठ होण्याची ताकद फार लांब नसतात.

म्हणून मला अ‍ॅक्ट्रेकचं काम मोलाचं वाटतं ते दुरुस्तीसाठी नव्हे, इजा कमी करण्यासाठी. या गाठीचे चार मुख्य प्रकार आहेत. त्यातल्या डब्ल्यूएनटी प्रकाराची मुलं बहुतेक बरी होतात. प्रकार ओळखायला परदेशात गाठीचा गोठवलेला तुकडा वापरत. आपल्याकडे हाती असतो तो मेणातला ब्लॉक, जो नातेवाईक स्लाइडसोबत पिशवीत घालून आणतात. अ‍ॅक्ट्रेकच्या डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने 2013 मध्ये त्याच ब्लॉकमधून, सूक्ष्म आरएनए आणि काही जनुकं मोजून, प्रकार सांगणारी चाचणी मांडली.

प्रकार कळला, तर डब्ल्यूएनटीच्या मुलांचा शेक किती घटवता येईल? टाटाच्या डॉक्टरांनी धाडस केलं: शेक फक्त गाठीच्या जागी दिला, बाकीचा मेंदू आणि कणा वगळला. काहींचा आजार वगळलेल्या भागात उलटला. प्रयोग अर्ध्यावर थांबवला आणि 2022 मध्ये तसं छापूनही टाकलं. फसलेलं इतक्या सरळ छापणारे थोडेच. कमी धोक्याच्या मुलांना कण्यासकट 23.4 ग्रे देण्याची रीत आहे. पुढच्या प्रयोगात ते 18 वर आणलं. शून्य जमलं नाही, 18 जमतं का ते आता पाहायचं आहे.