फाशांनी न्यूट्रॉन मोजता येतात?

अणुभट्टीच्या गाभ्यात अब्जावधी न्यूट्रॉन फिरत असतात. एकेकाचा हिशेब मांडणं अशक्य. मग करायचं काय? चक्क फासे टाकायचे! घरी मुलांबरोबर करून बघा.

वीस मणी घ्या; एक मणी म्हणजे एक न्यूट्रॉन. प्रत्येकासाठी फासा टाका. १ पडला तर न्यूट्रॉन बाहेर निसटला. २, ३ किंवा ४ पडला तर नुसताच शोषला गेला. ५ किंवा ६ पडला तर युरेनियमचं केंद्रक फुटलं. मग नाणं उडवा : छापा आला तर दोन नवे मणी, काटा आला तर तीन. (खऱ्या युरेनियम-२३५ मध्ये सरासरी सुमारे २.४ निघतात.) म्हणजे एका मण्यामागे पुढच्या पिढीत सरासरी ०.८३ मणी, त्यामुळे डाव हळूहळू विझतो. आता ४ पडला तरी केंद्रक फुटतं असं ठरवा. जणू शोषक दांडा थोडा वर ओढला. आकडा होतो १.२५ आणि डब्यातले मणी पुरत नाहीत! भट्टी एकसारखी चालायला हा आकडा १ हवा.

ही युक्ती स्टॅनिस्लाव उलाम यांना १९४६ मध्ये, आजारातून उठताना पत्ते खेळत असता सुचली. फॉन नॉयमन यांनी ती न्यूट्रॉनना लावली आणि १९४८ मध्ये एनियाक संगणकावर ती चालली. नाव पडलं 'माँटे कार्लो', जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या जागेवरून. (तेव्हा पालकांनो, वर्गात फासे बघून दचकू नका.)

एक गोष्ट मात्र मुलांना जरूर दाखवा. वीस मण्यांवर प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं येतं. ही तफावत दहापट कमी करायची तर मणी शंभरपट लागतात, म्हणजे दोन हजार. तिथे हात दुखायला लागतात आणि संगणक लागतो.