जुने म्हणजे निरुपयोगी नव्हे

सिन्नरच्या एखाद्या शाळेत संगणकावर जेंटू ही लिनक्स प्रणाली बसवली, तर ती प्रोग्रामची मूळ संहिता उतरवून घेते आणि तिथेच त्याची बांधणी करते. संहितेचे गठ्ठे मात्र डिस्कवर उरतात. नवी आवृत्ती आली तरी जुना गठ्ठा तसाच राहतो. डिस्क भरत जाते.

तारीख पाहून पुसावे का? नाही. तीन वर्षांपूर्वीचा गठ्ठा आजही चालू आवृत्तीचा असू शकतो. ‘इक्लीन-डिस्ट’ ही आज्ञा गरज तपासते: उपलब्ध किंवा बसवलेल्या कोणत्याही आवृत्तीला न लागणारे गठ्ठेच काढते. ‘डीप’ पर्याय दिल्यास फक्त बसवलेल्यांचे राखते.

पुसलेले कचरापेटीत जात नाही; जुनी आवृत्ती पुन्हा मिळेलच असेही नाही. म्हणून आधी ‘प्रिटेंड’ पर्यायाने नुसती यादी पाहावी. विद्यार्थ्यांना विचारा: यातले काय ठेवाल, आणि का?