वजाची बाकी

लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीतला, २३ जुलै १८५६चा. वार बुधवार. संगणकाच्या जगात १ जानेवारी १९७० हा दिवस शून्य धरून पुढचे-मागचे दिवस मोजायची पद्धत आहे. त्या हिशेबाने टिळकांचा जन्मदिवस वजा ४१४३४ या आकड्यावर येतो.

हा आकडा मी रत्नागिरीतल्याच एका संगणकवर्गात पडद्यावर पाहिला. पदविकेच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा सी भाषेत तारखेवरून वार काढणारा प्रोग्रॅम लिहीत होता. जिल्ह्यातल्या थोर माणसांच्या जयंत्यांचा तक्ता त्याला करायचा होता. वर्गातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा घालून झाल्या होत्या आणि सगळ्यांचे वार बिनचूक आले होते. टिळकांची तारीख दिल्यावर मात्र वाराच्या जागी भलतीच अक्षरं उमटली.

“मॅडम, दिवस बरोबर मोजलेत. कागदावर ताळासुद्धा केला.”

“मग सातने भागून बाकी काय येते, तेवढंच छापून बघ.”

त्याने छापलं. बाकी आली वजा एक.

त्याची वारांची यादी गुरुवारपासून सुरू होत होती, कारण १ जानेवारी १९७० हा गुरुवार. गुरुवार शून्य, शुक्रवार एक, असं करत बुधवार सहा. वजा एक क्रमांकाचा वार या यादीत नाहीच. सी भाषा तरीही थांबत नाही, यादीच्या अलीकडे मेमरीत जे काही पडलं असेल तिथे जाऊन वाचते. काय दिसेल याची हमी नसते. कधी अक्षरांचा कचरा दिसतो, कधी प्रोग्रॅम जागीच बंद पडतो.

शाळेत आपण शिकतो ते असं, की भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, म्हणजे भाज्य. हा नियम सी भाषेनेही पाळला आहे. वजा ४१४३४ला सातने भागताना तिने भागाकार वजा ५९१९ घेतला आणि बाकी वजा एक. सात गुणिले वजा ५९१९ म्हणजे वजा ४१४३३, त्यातून आणखी एक वजा केला की ताळा जुळतो. पण भागाकार वजा ५९२० घेतला तर? सात गुणिले वजा ५९२० म्हणजे वजा ४१४४०. त्यात सहा मिळवले की पुन्हा तोच वजा ४१४३४. ताळा इथेही चोख जुळतो आणि बाकी येते सहा, म्हणजे बुधवार.

गणिताच्या दृष्टीने दोन्ही उत्तरं खरी आहेत. पहिल्यात अपूर्णांक कापून भागाकार शून्याकडे ओढलेला आहे, दुसऱ्यात तो खालच्या पूर्णांकावर उतरवलेला आहे. भाज्य शून्य किंवा अधिक असेल आणि भाजकही अधिक असेल तोवर दोन्ही वाटा एकच, म्हणून १९७०नंतर जन्मलेल्या मुलांच्या तारखांनी काहीच उघडं पडलं नाही.

या चुकीला लपायची जागा आणखी एक आहे. त्या मुलाने आदल्या दिवशी १९७०पूर्वीची एक तारीखही तपासली होती, २६ जानेवारी १९५०. उत्तर आलं गुरुवार, आणि पहिला प्रजासत्ताक दिन खरोखरच गुरुवारी होता. दिवस वजा ७२८०. याला सातने निःशेष भाग जातो, बाकी शून्य, आणि शून्याला चिन्हाची अडचण नाही. म्हणजे १९७०पूर्वीचे सगळे गुरुवार हा प्रोग्रॅम बरोबर सांगणार आणि उरलेले सहाही वार चुकवणार. मॅडमनी लगेच त्याला दर वाराची एकेक जुनी तारीख तपासायला बसवलं. स्वातंत्र्यदिन १५ ऑगस्ट १९४७, शुक्रवार. गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९, शनिवार. महाराष्ट्र दिन १ मे १९६०, रविवार. सावरकरांचा जन्म २८ मे १८८३, सोमवार. आणि मंगळवारासाठी १४ एप्रिल १८९१, बाबासाहेबांचा जन्म. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. प्रोग्रॅम तपासायच्या तारखा कशा निवडाव्यात याचा इतका चांगला धडा मी छापील पुस्तकात पाहिलेला नाही.

दुरुस्ती एका ओळीची: ((दि % ७) + ७) % ७. दि म्हणजे दिवसांचा आकडा, % म्हणजे भागून उरलेली बाकी. आधी बाकी काढा, तीत सात मिळवा, पुन्हा सातने भागून बाकी घ्या. वजा एकचे सहा होतात आणि पुढच्या फेरीत सहाचे सहाच राहतात. मुलाने विचारलं, शेवटची फेरी हवीच कशाला? तर बाकी मुळात एक असेल तेव्हा सात मिळवून आठ होतात आणि यादी पुन्हा ओलांडली जाते, आता वरच्या बाजूने.

हाच भागाकार पायथनमध्ये केला तर वजा ४१४३४ची बाकी थेट सहा येते. एक्सेलमधलं मॉड हे सूत्रही सहाच देतं. जावा, जावास्क्रिप्ट, गो, रस्ट यांत तेच टक्क्याचं चिन्ह वजा एक देतं. म्हणजे एकाने एक्सेलमध्ये पडताळलेलं सूत्र दुसऱ्याने जावास्क्रिप्टमध्ये जसंच्या तसं उतरवलं, की गुपचूप बिघडतं. विषम संख्या ओळखायला ‘दोनने भागून बाकी एक’ असं तपासणारेही इथेच फसतात. वजा तीनची बाकी सीमध्ये वजा एक येते आणि वजा तीन ही संख्या विषम ठरत नाही.

हे असं का झालं, याचं उत्तर यंत्रांत आहे. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणाने ऋण संख्यांच्या भागाकाराचा निर्णय ज्या त्या यंत्रावर सोडला होता. १९९९च्या प्रमाणाने तो शून्याकडे बांधून टाकला. फोरट्रानची रीत तीच होती आणि बहुतेक प्रोसेसरही तसंच भागत होते. वेगाच्या दृष्टीने ते शहाणपणाचं होतं, पण चक्राकार मोजणी करणाऱ्याची सोय त्यात राहिली नाही. जावाने २०१४मध्ये फ्लोअरमॉड नावाची वेगळी सोय दिली. रस्टमध्येही तशी सोय आहे. मला विचाराल तर ही सोय टक्क्याच्या चिन्हाइतकीच हाताशी असायला हवी होती.

कारण चक्राकार मोजणी आपल्याकडे रोजची आहे. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. अंदाजाचाच हिशेब, पण होडी काढायला पुरतो. पूर्ण सुकती त्याच्या साधारण सहा तास आधी. तीनातून सहा गेले की वजा तीन, असं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात कोणी म्हणणार नाही. नऊ, एवढंच उत्तर येतं. तिथे घड्याळाचे बारा आपसूक मिळवले जातात.

पंचांगात हेच लेखी नियम होऊन बसलं आहे. चंद्राच्या भोगातून, म्हणजे राशिचक्रातल्या त्याच्या अंशांतून, सूर्याचा भोग वजा करायचा आणि बाराने भागायचं, की तिथी मिळते. समजा सूर्य ३५० अंशांवर आहे आणि चंद्र २० अंशांवर. वजाबाकी जात नाही, तेव्हा ३६० मिळवून ती करायची. उरतात ३० अंश. बाराने भागले की अडीच: दोन तिथी संपल्या, तृतीया अर्धी झाली. न मिळवता भागलं असतं तर वजा साडेसत्तावीस आले असते आणि अपूर्णांक कापून वजा सत्तावीस. पंचांग हातात घेतलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

उलट बाजूही सांगायला हवी. जुन्या चलनात सतरा आणे देणं असेल तर एक रुपया एक आणा देणं, असंच कोणीही मांडेल. दोन रुपये देणं आणि पंधरा आणे येणं, असं वहीत लिहिणारा दुकानदार भेटायचा नाही. इथे सीचीच रीत योग्य, कारण रक्कम फिरून मूळ जागी येत नाही. तेव्हा कोड लिहिण्याआधी आपण रक्कम मोजतो आहोत की चक्रातली जागा, हे ठरवावं लागतं. भाषा ते आपल्यासाठी ठरवत नाही.

चक्राच्या हिशेबात बाकीइतकाच भागाकारही महत्त्वाचा असतो, आणि त्याकडे लक्ष कमी जातं. ज्योतिषी गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ हा ग्रहगणिताचा करणग्रंथ शके १४४२चा, म्हणजे १५२०चा. ते कोकणातलेच, मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे. दिवसांची संख्या फार फुगू नये म्हणून गणेश दैवज्ञांनी अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र धरलं. शकातून १४४२ वजा करा, अकराने भागा. भागाकार म्हणजे चक्र, बाकी म्हणजे चक्रातलं वर्ष.

आता ही पद्धत कोणी सी भाषेत उतरवून मागच्या काळाकडे न्यायची ठरवली तर पाहा. शके १४४२ ते १४५२ या अकरा वर्षांचं चक्र शून्य, ते बरोबरच. पण शके १४३२ ते १४४१चाही भागाकार शून्यच येतो, कारण वजा एक ते वजा दहा या सगळ्यांना अकराने भागून अपूर्णांक कापला की शून्य उरतं. अकरा वर्षांच्या चक्रात एकवीस वर्षं कोंबली जातात. खालच्या पूर्णांकावर उतरवलं तर शके १४३१ ते १४४१ हे चक्र वजा एक, त्याच्या मागचं वजा दोन, प्रत्येकात नेमकी अकरा वर्षं; आणि शके १४३०ची बाकी दहा येते, म्हणजे ते त्या वजा दोन चक्रातलं शेवटचं वर्ष.